शाळकरी मुलांची कामाकरिता व गावसेवेकरिता तयारी

(शब्बाथशाळेचे शिक्षक, उपदेशक व आईबाप यांच्याकरिता पाठ)

शास्त्रवाचन : निर्गम ३५:३०–३५; नहेम्या ३; प्रेषितांची कृत्ये १८:१–४



दहावीचा निकाल लागला म्हणजे आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत आनंद होतो. उपासनेनंतर पेढे वाटले जातात, पाळक प्रार्थना करितो, आणि मग मुलाचा बाप पाळकास हळूच बाजूस घेऊन विचारितो, "साहेब, पोराले आता कुठं टाकू जी?"

या प्रश्नास आम्ही पुष्कळ वर्षे एकच उत्तर देत आलो : शहरात कॉलेजात घाला, पुढे नोकरी लागेल. हे उत्तर देताना त्या मुलाच्या हातांस काय येते, आणि त्याच्या शिक्षणाचा गावास काय उपयोग, हे दोन प्रश्न आम्ही कधी विचारिले नाहीत. ही आमची चूक होती, आणि ती आम्हांस एका कठीण प्रसंगी कळली.

सन २०१७ चा पावसाळा आपणांस आठवत असेल. त्या वर्षी कपाशीवर किडीचा जोर झाला, आणि फवारणी करिताना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात सुमारे वीस शेतकरी व मजूर मरण पावले; शेकडो जणांस रुग्णालयात जावे लागले. आमच्या मंडळीतील एक बंधूही फवारणीहून घरी आला तो चक्कर येऊन पडला. त्यास रुग्णालयात नेले, तेव्हा डॉक्टरांनी आधी विचारिले, "औषध कोणते होते?" कोणासही सांगता येईना. डबा धुऱ्यावर टाकून दिलेला होता. घरात नववीत शिकणारा मुलगा होता. डब्यावरील मजकूर वाचण्याइतकी विद्या त्याच्यापाशी खचित होती. परंतु वाचणे हे शाळेचे काम व फवारणी हे बापाचे, असे तो समजत होता, आणि तसे समजू नये हे त्यास आम्ही कोणीच शिकविले नव्हते. देवाच्या दयेने बाप वाचला. पुढे तो मुलगा आम्हांस म्हणाला, "साहेब, मले वाचता येत होतं." त्याच मुलास शास्त्रवचने तोंडपाठ म्हणण्याबद्दल आम्ही दोन वेळा बक्षीस दिले होते! म्हणून आजचा पाठ आम्ही प्रथम आपल्या स्वतःकरिता लिहीत आहोत.

१. हाताचे कसब हे देवाचे दान आहे

देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले असे शास्त्रात प्रथम ज्याच्याविषयी लिहिले आहे, तो याजक नव्हता व संदेष्टाही नव्हता. तो बसालेल नावाचा कारागीर होता. धातू, रत्ने व लाकूड यांवर काम करण्याची बुद्धी देवाने त्यास दिली, आणि त्याबरोबर त्यास व अहलियाबास दुसऱ्यांना शिकविण्याचीही बुद्धी दिली, हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या प्रभूस नासरेथचे लोक सुतार म्हणून ओळखीत होते. पौल मोठा विद्वान खरा; पण करिंथ येथे अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तो तंबू करीत असे व शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत असे. विद्या व हातकाम ही एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात.

येथे कोणी म्हणेल, "पाळकसाहेब, आमच्या वाडवडिलांनी हाताचेच काम केले, त्यातून सुटण्याकरिताच तर आम्ही मुलांस शाळेत घातले." बंधूंनो, हे म्हणणे खरे आहे, व आम्ही ते हलके मानीत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबापणजोबांस जातीने नेमून दिलेले काम मुकाट्याने करावे लागे, आणि त्याचे मोल दुसरा ठरवी. ती गुलामगिरी होती. परंतु जे काम मनुष्य आपल्या खुशीने निवडितो, नीट शिकतो आणि ज्याचे मोल स्वतः सांगू शकतो, ते गुलामगिरी नव्हे. मुलाने ओझ्यातून सुटावे. हातांस मात्र अंतरू नये.

२. कसब गावाच्या उपयोगी पडावे

नहेम्याचा तिसरा अध्याय पुष्कळ जण नुसती नावांची यादी म्हणून सोडून देतात. तो सावकाश वाचून पाहा. यरुशलेमेचा पडलेला कोट बांधण्यास सोनार आले, गंधी आले, व्यापारी आले. शल्लूम नावाचा अधिकारी आपल्या मुलींसह आला. कित्येकांनी आपल्या घरासमोरचाच भाग दुरुस्त केला. तकोवा गावच्या थोर लोकांनी मात्र कामास मान वाकविली नाही, आणि तीही गोष्ट शास्त्राने लिहून ठेविली आहे. अशा रीतीने बावन्न दिवसांत कोट पुरा झाला. जो मुलगा परीक्षा उत्तीर्ण होऊन घरासमोरच्या पडक्या भागाकडे पाहतही नाही, तो कोणाच्या पंगतीस बसतो, याचा विचार करा.

३. आपल्या देशातील दोन उदाहरणे

पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगाव येथे त्यांस आश्रय दिला. त्या मुलींस केवळ अन्न व अक्षरओळख देऊन त्या थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलाचा घाणा व छापखाना ही कामे त्यांनी त्यांस शिकविली. रमाबाई १९२२ साली प्रभूकडे गेल्या, आणि त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर १९२४ साली त्याच छापखान्यातून बाहेर पडले. अनाथ म्हणून आलेल्यांच्या हातून देवाचे वचन छापले गेले!

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या वर्ध्याचे. तेथे ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि मुलांचे शिक्षण एखाद्या उपयोगी हस्तव्यवसायाच्या द्वारे व्हावे असा विचार तेथे मांडला गेला. आजही शासनाच्या २०२० च्या शिक्षणधोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून स्थानिक कारागिरांजवळ शिकावे, असे म्हटले आहे.

४. मंडळीने काय करावे

पहिली गोष्ट. मंडळीत गवंडी, सुतार, शिंपी, वीजकाम करणारे, परिचारिका व जाणते शेतकरी कोण कोण आहेत, यांची यादी उपदेशकाने करावी. आठवीपासून पुढील प्रत्येक मुलास व मुलीस सुटीच्या दिवसांत त्यांपैकी एकाजवळ बसवावे. हे शिकणे आहे, मजुरी नव्हे. यापायी शाळेचा एकही दिवस बुडता कामा नये.

दुसरी गोष्ट. दहावीनंतर कॉलेज हाच एक मार्ग नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे ज्यांस लोक आय.टी.आय. म्हणतात तेथे, वीजतंत्री व फिटर यांचे शिक्षण दोन वर्षांचे आणि वेल्डर व शिवणकाम यांचे एक वर्षाचे असते. निकालापूर्वीच शिक्षकाने मुलांस व आईबापांस अशा संस्थेत नेऊन सर्व दाखवावे. ज्यास पुढील विद्येची आवड व कुवत आहे, त्याने कॉलेजात अवश्य जावे. पण शेत गहाण टाकण्यापूर्वी बापाने दोन्ही वाटा पाहिलेल्या असाव्यात.

तिसरी गोष्ट. प्रत्येक शिकत्या मुलाकडे गावाचे एक काम सोपवावे. कोणी म्हाताऱ्यांचे कागद वाचून दाखवावे, कोणी ग्रामसभेची सूचना घरोघर सांगावी. आणि फवारणीच्या दिवसांत मोठ्या मुलांनी औषधाच्या डब्यावरचा मजकूर वाचून सांगावा. डब्यावरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : तांबडा अति जहाल विषाचा, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा; परंतु हिरवा म्हणजे निर्भय असे नव्हे. तोंडास व हातांस आच्छादन असावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस फवारू नये, फवारताना विडीतंबाखूस हात लावू नये, आणि कोणी आजारी पडल्यास डबा बरोबर घेऊनच डॉक्टरकडे जावे. मुलांनी हे वाचावे व सांगावे. औषध हाताळण्याचे काम मात्र त्यांस कधीही देऊ नये.

चौथी गोष्ट. या सर्वांत मुलींस मागे ठेवू नये. शल्लूमाच्या मुली कोटावर होत्या, हे विसरू नका.

ज्या मुलाची गोष्ट आम्ही वर सांगितली, तो पुढे वीजकाम शिकला व आज त्यावर घर चालवितो. पावसाळ्यात तो संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून डबे वाचून दाखवितो. हे त्यास कोणी सांगितले नाही. आपण इतर मुलांस तरी वेळेवर सांगू या; कोणाच्या बापास त्याकरिता अंथरुणावर पडावे न लागो. प्रभू आपल्या मुलांच्या हातांचे काम स्थिर करो, व आपल्या गावांस त्यांच्याद्वारे आशीर्वाद देवो.

विचाराकरिता प्रश्न

१. बसालेलास कारागिरीबरोबर आणखी कोणते दान मिळाले? ते आपल्या मंडळीत कोणाजवळ आहे?
२. सक्तीचे काम व शिकलेले कसब यांत काय भेद आहे?
३. तुमच्या घरासमोरचा कोटाचा पडका भाग कोणता?
४. येत्या महिन्यात तुमच्या मंडळीतील कोणत्या मुलाकडे व कोणत्या मुलीकडे तुम्ही गावाचे कोणते काम सोपवाल? नावे लिहून काढा व त्यांच्याकरिता प्रार्थना करा.