वनस्पतींचें घरगुती ज्ञान आणि जुनीं दप्तरें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका शेतकरी घराण्याचा जुना वाडा नव्यानें बांधण्यासाठीं पाडण्यांत आला. माळ्यावरील पेटींतून मोडी कागदांचे कित्येक रुमाल निघाले. जमिनीसंबंधीं वाटले तेवढे कागद निवडून ठेवले गेले. बाकीचे रद्दींत गेले. त्यांत गुरांच्या औषधांची एक वही होती, असें घरांतील वृद्ध बाईंनीं मागाहून सांगितलें. कोणत्या झाडाची साल कोणत्या रोगावर चालते व ती कोणत्या दिवसांत काढावी, हें त्या वहींत तीन पिढ्यांनीं लिहून ठेविलें होतें. आज त्या घरांत ही माहिती असलेला एकहि मनुष्य नाहीं.

असे प्रसंग गांवोगांव घडत आहेत. जें ज्ञान केवळ तोंडीं असतें तें मनुष्याबरोबर जातें. जें कागदावर असतें तेंहि कागद न राखल्यास जातें. म्हणून या लेखांत आम्ही दोन गोष्टींचा विचार करणार आहों : असें ज्ञान लिहून ठेवण्याचें महत्त्व काय, आणि तें लिहावें व राखावें कसें.

सतराव्या शतकांत कोची येथें डच कंपनीचा मुख्य अधिकारी असलेल्या व्हान रीड यानें मलबारांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करविला. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नांवानें तो १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें लॅटिन भाषेंत बारा खंडांत छापला गेला. त्यांत सुमारे ७४० वनस्पतींचीं वर्णनें आहेत. ही माहिती आली ती इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याकडून व त्याच्या घराण्यांतील ग्रंथांतून. शिवाय रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघां कोंकणी वैद्यांनींहि साह्य केलें. त्यांचें १६७५ सालचें कोंकणी प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत नागरी अक्षरांत छापलेलें आहे. आपल्या लिपीचा हा छापील नमुना साडेतीनशें वर्षांनंतरहि वाचतां येतो. परंतु इट्टी अच्युतनाच्या घराण्यांतील मूळ ताडपत्रें आज उपलब्ध नाहींत. ग्रंथाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणीं गेल्या म्हणून तो वाचला. ताडपत्रें एकाच घरीं राहिलीं, तीं गेलीं.

तरीहि लॅटिन भाषेमुळें तो ग्रंथ ज्या लोकांच्या ज्ञानावर उभा राहिला, त्यांनाच शतकानुशतकें वाचतां आला नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनीं अनेक वर्षें खपून त्याचें भाषांतर केलें. तें इंग्रजींत २००३ सालीं व मल्याळम् भाषेंत २००८ सालीं प्रसिद्ध झालें. नोंद आपल्या लोकांना वाचतां येईल अशा भाषेंत व लिपींत असावी, हा यांतील धडा आहे.

दुसरें उदाहरण हळदीचें. जखमेवर हळद दाबावी हें आपल्याकडे लहान मुलांसहि ठाऊक आहे. असें असतां १९९५ सालीं अमेरिकेंत याच उपयोगावर पेटंट, म्हणजे एकाधिकार, देण्यांत आला. त्या वेळच्या तेथील कायद्याप्रमाणें परदेशांतील केवळ तोंडी वहिवाट पुरावा म्हणून धरली जात नसे. छापील आधार दाखवावा लागे. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें संस्कृत, उर्दू व हिंदी लेखनासह ३२ आधार पुढें मांडले, तेव्हां १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पुढें २००१ सालीं अशा ज्ञानाचा संगणकीय संग्रह करण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें. हळदीस ग्रंथांचा आधार होता म्हणून निभावलें. ज्या रानभाजीचें किंवा मुळीचें नांवहि कोणत्या ग्रंथांत नाहीं, तिच्यासाठीं आपण कोणता कागद दाखविणार ?

आतां कृतीकडे वळूं. प्रथम जुने कागद. घर झाडतांना किंवा पाडतांना जाणत्या माणसानें पाहिल्याविना एकहि कागद टाकूं नये. मोडी वाचतां येत नसल्यास वाचणारा शोधावा. पुण्यांतील भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत अशा कागदांचे जाणकार भेटतात. दमट कागद उन्हांत वाळवूं नयेत, सावलींत वारा लागेल असे पसरावे. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. स्वच्छ सुती कापडांत बांधून, वेखंडाचे तुकडे जवळ ठेवून, भिंतीपासून दूर व जमिनीपासून उंच ठेवावे. दर वर्षीं पावसाळा संपल्यावर उघडून कसर व वाळवी पाहावी. प्रत्येक पानाचें मोबाइलवर छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती दोन निरनिराळ्या घरीं ठेवाव्या.

दुसरें काम नव्या नोंदीचें. गांवांतील वृद्ध, धनगर, वैदू, तसेंच रानाशीं संबंध असलेले आदिवासी बांधव यांस भेटून विचारावें. केवळ नांव लिहून भागत नाहीं. ‘ब्राह्मी’ म्हणून कोणी एक वनस्पति दाखवितो, कोणी दुसरीच. शास्त्रज्ञ त्यांस दोन निराळ्या जाति मानतात. म्हणून फुलासह डहाळी जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवावी. दमट झालेला कागद रोज बदलावा. सोबत स्थानिक नांव, गांव, तारीख, जमीन, उपयोगाचा भाग, उपयोग व सांगणाऱ्याचें नांव लिहावें. ओळख वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याकडून पटवून घ्यावी. नोंद करणें म्हणजे औषध देणें नव्हे; वहींतील मात्रा पशुवैद्यास विचारल्याविना गुरांवर अजमावूं नये, हें आम्ही निक्षून सांगतों.

एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधतों. रानांतील पुष्कळसें ज्ञान जमीनदाराचें नसून त्याच्या बांधावर राबणाऱ्यांचें आहे. तें त्यांच्या संमतीनें लिहावें. जें गुप्त ठेवावें असें ते म्हणतील तें वहींत घेऊं नये. आणि नोंदीची प्रत त्यांस द्यावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणें गांवच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनें लोकांच्या सहभागानें नोंदवही करावयाची असते. आपल्या ग्रामपंचायतींत ती आहे काय, आणि असल्यास तींत कोणाच्या तोंडची माहिती आली आहे, हें प्रत्येक सभासदानें स्वतः पाहावें.

पेरणीचें बीं चुकलें तर पुढील हंगामीं दुसरें आणतां येतें. वृद्धाबरोबर गेलेली माहिती कोणत्याहि बाजारांत मिळत नाहीं. येत्या दिवाळीपर्यंत प्रत्येक सभासदानें घरांतील एक जुनें दप्तर उघडावें व गांवांतील एका वृद्धाकडून पांच वनस्पतींची नोंद करावी, एवढीच आमची विनंती आहे.