सौभविमान : देवताफळ आणि श्रीकृष्णचक्रवर्तींची लीळा



दशमस्कंधातील शाल्वप्रसंगाचे निरूपण चालू असता उपदेशी मंडळींतून, विशेषतः शिकलेल्या तरुण वासनिकांतून, एक शंका हटकून निघते. सौभ हे खरोखरीचे यंत्र होते काय? आपल्या पूर्वजांना विमानविद्या अवगत होती, हे यावरून सिद्ध होत नाही काय? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा श्रद्धाच असते. श्रीकृष्णचक्रवर्तींची लीळा जगाने खोटी म्हणू नये, म्हणून तो यंत्राचा आधार शोधीत असतो. अशा शंकेस हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. तसेच कौतुकाने मान डोलावून पुढे जाणेही योग्य नव्हे, कारण तेवढ्याने लीळेचा अर्थ हातचा जातो.

प्रथम शब्द पाहू. 'वि' उपसर्ग आणि मोजणे या अर्थाचा 'मा' धातू यांपासून 'विमान' शब्द झाला आहे. ऋग्वेदात तो अवकाशाचे मापन करणारा अशा अर्थाने येतो. पुढे मजल्यांवर मजले चढविलेला राजप्रासाद आणि देवालयाच्या गर्भगृहावरील बांधणी यांनाही विमान म्हणू लागले. दक्षिणेतील देवालयांच्या संदर्भात हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. सुंदरकांडात हनुमंताला लंकेत दिसलेले पुष्पक हे रत्नखचित प्रासादासारखेच वर्णिले आहे. आकाशगामी राजवाडा हीच प्राचीन कवींची विमानाविषयीची मुख्य कल्पना होय. सौभालाही नगर म्हटले आहे, हे ध्यानात असावे.

आता सौभाची उत्पत्ती. शाल्व हा शिशुपालाचा मित्र. रुक्मिणीहरणाच्या वेळी पराभव पावलेल्या राजांत तोही होता, आणि पृथ्वी यादवरहित करीन अशी प्रतिज्ञा त्याने तेथेच केली. प्रतिज्ञा करून तो तपास बसला. दिवसातून एकदा मूठभर धूळ खाऊन त्याने शंकराची आराधना आरंभिली. शंकर आशुतोष खरे, पण येथे प्रसन्न होण्यास एक वर्ष लागले. शाल्वाने वर मागितला तो असा : देव, असुर, मनुष्य, गंधर्व, नाग आणि राक्षस यांपैकी कोणासही न भेदता येणारे, इच्छेस येईल तेथे जाणारे आणि वृष्णिकुळास भय देणारे यान मला मिळावे. शंकरांनी 'तथास्तु' म्हटले आणि मयासुराकडून लोखंडाचे सौभ नगर करवून शाल्वास दिले.

येथे साधकाने थांबून वराची यादी पुन्हा वाचावी. देव आहेत, असुर आहेत, मनुष्य, गंधर्व, नाग, राक्षस आहेत. या यादीत देवता आहेत आणि जीव आहेत; परमेश्वर नाही. शाल्वाने धूर्तपणे सर्वांची नावे घेतली असे त्यास वाटले असेल, पण ज्याच्यावर तो चालून जाणार होता त्याचेच नाव राहिले. आणि ते घेतले असते तरी काय उपयोग होता? जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ आपण शिकतो, त्याचे प्रयोजन अशा ठिकाणी कळते. सत्य, कैलास, वैकुंठ येथील देवता झाली तरी ती नित्यबद्ध. ती आपल्या अधिकाराएवढेच फळ देते, आणि परमेश्वर त्या अधिकाराच्या बाहेर आहे. मयानेच तारकासुराच्या पुत्रांना सोने, रुपे आणि लोखंड यांची तीन पुरे करून दिली होती, आणि ती त्रिपुरे शंकरांनीच एका बाणाने पाडली, अशी कथा भारताच्या कर्णपर्वात आहे. दुसऱ्याचे आकाशनगर पाडणारी देवता येथे शाल्वास आकाशनगर देते. देवताफळाचा स्वभावच असा आहे.

युद्धाचे वर्णन भागवतात विस्ताराने आले आहे. श्रीकृष्णचक्रवर्ती राजसूयासाठी इंद्रप्रस्थास गेले असता शाल्वाने द्वारावतीस वेढा दिला. सौभातून शिळा, वृक्ष, सर्प, गारा यांचा वर्षाव झाला, वावटळ सुटली आणि दिशा धुळीने भरल्या. ते विमान क्षणात एक तर क्षणात अनेक दिसे. कधी भूमीवर, कधी आकाशात, कधी गिरिशिखरी, कधी जळात, फिरविलेल्या कोलितासारखे ते कोठेच स्थिर नसे. प्रद्युम्नाने सत्तावीस दिवस लढा दिला. मध्यंतरी द्युमानाच्या गदेने तो मूर्च्छित झाला, आणि सारथ्याने त्यास रणाबाहेर नेले म्हणून शुद्धीवर येताच त्याने सारथ्यास फार दोष दिला. वनपर्वात नगराच्या बंदोबस्ताची माहिती अधिक आहे : पूल मोडले, नावा थांबविल्या, मुद्रेवाचून कोणासही आत-बाहेर जाऊ दिले नाही, मद्यपान बंद केले, नट-नर्तकांना बाहेर घालविले. वेढ्यात सापडलेल्या नगरीचे इतके सावध चित्र आपल्याकडील वाङ्मयात थोडे आढळते.

नंतर श्रीकृष्णचक्रवर्ती आले ते दारुकाने हाकलेल्या रथात. शत्रूचे नगर आकाशात; वनपर्वाच्या सांगण्याप्रमाणे सुमारे एक कोस उंच. समोर दैवी विमान असता त्यांनी दुसरे विमान मागविले नाही. भागवताप्रमाणे गदेने सौभाचे चूर्ण होऊन ते जळात पडले आणि शाल्वाचा शिरच्छेद चक्राने झाला. भारताप्रमाणे करवतीने लाकूड कापावे तसे चक्रानेच सौभ दुभंगले. या भेदावरून वाद घालण्याचे कारण नाही. दोहोंतही सौभ पडते.

आता मूळ शंका : हे यंत्र होते काय? ग्रंथ तर इच्छेने चालणारे, अदृश्य होणारे, तपाने मिळालेले नगर सांगतो. त्यात इंधन, पंख, यंत्रकाम यांचा मागमूस नाही. यंत्राचा विचार करणारे ग्रंथ निराळे आहेत. धारच्या भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकातील ग्रंथात हलक्या लाकडाचा मोठा पक्षी करून त्याच्या पोटात पारा आणि त्याखाली अग्नी ठेवण्याची कल्पना आहे. मात्र यंत्रांची घडण आपण गुप्ततेसाठी सांगत नाही, अज्ञानामुळे नव्हे, असेही भोज तेथेच म्हणतो. वाचकाने यावरून काय ते समजावे.

पुष्कळांच्या हाती असते ते भरद्वाजांच्या नावावरील 'वैमानिकशास्त्र'. ते कर्नाटकातील पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहविले. १९५९ साली त्याची हिंदी आवृत्ती निघाली आणि १९७३ साली म्हैसूरहून इंग्रजी. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी त्याची परीक्षा करून सांगितले की, हा ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडू शकणार नाहीत. जो ग्रंथ विसाव्या शतकातला, त्याच्या बळावर द्वापारातील लीळा सिद्ध करू जाणे म्हणजे पक्क्या भिंतीस वाळूचा टेकू देणे होय. उद्या टेकू ढासळला की पाहणारा म्हणेल, भिंतच पडली. सन्मार्गाच्या अभ्यासकाने श्रद्धेच्या नावाखाली असत्यास थारा देऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

एक नाजूक स्थळ राहिले. शाल्वाने मायेने वसुदेवाचा वध दाखविला आणि श्रीकृष्णचक्रवर्ती क्षणभर शोकमग्न झाले, असा उल्लेख दोन्हीकडे आहे. भागवतात मात्र शुकाचार्य तेथेच शंका घेतात : हे काही ऋषींचे म्हणणे आहे, पण ते पूर्वापर जुळत नाही, अखंड ज्ञान असणाऱ्यास शोक-मोह कोठून? आपल्या दृष्टीने समाधान सोपे आहे. परमेश्वर मायापूर स्वीकारून मनुष्यांत वावरतात तेव्हा मनुष्यधर्म दाखवितात, तो त्यांस बाधत नाही. पित्याचा वध पाहून डोळेही न ओले करणारा पुरुष जीवांना आपला वाटला असता काय?

ही कथा भारतात कोणी, कोणास आणि कधी सांगितली, तेही पाहावे. पांडव वनात आहेत. श्रीकृष्णचक्रवर्ती भेटीस आले असता युधिष्ठिर विचारतो की, द्यूताच्या वेळी आपण कोठे होता? त्यावर ते म्हणतात, मी द्वारकेत असतो तर न बोलाविताही आलो असतो आणि ते द्यूत होऊ दिले नसते. पण मी शाल्वाच्या सौभामागे गेलो होतो. सारी सौभकथा या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून आली आहे. सांगणाऱ्यासमोर वल्कले नेसलेले पाच भाऊ आणि केस मोकळे सोडलेली द्रौपदी बसली होती.