गाठ काढण्याआधी बाटली बघा

क्षयाच्या जंतूचा डीएनए ओळखणाऱ्या चाचण्यांवर मी काम करते. कोणत्या नमुन्यात चाचणी फसते, कुठे उगाच ‘निगेटिव्ह’ येते, हे शोधणं हाच माझा रोजचा उद्योग. आणि माझ्याच वहिनीच्या मानेतली गाठ भलत्या बाटलीत पडून वाया गेली. ज्यांनी ती घालवली त्यांना त्यात काही वावगं झालं असं आजही वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी दादाला फोनवर बजावलं होतं, “गाठीचे दोन भाग करायला सांग. एक फॉर्मेलिनमध्ये, बायोप्सीला. दुसरा निर्जंतुक बाटलीत साध्या सलाईनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरला.” सीबीनॅट म्हणजे जंतूचा डीएनए आणि औषधाचा प्रतिरोध शोधणारी चाचणी, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. त्याने ते डायरीत लिहून घेतलं, सकाळी सर्जनना दाखवलंही. त्यावर उत्तर काय, तर “बहिणीला सांगा, लॅब तिने बघावी, ऑपरेशन मी बघतो.” बायको टेबलावर असताना डॉक्टरांशी हुज्जत कोण घालणार? दादा गप्प बसला.

त्याच संध्याकाळी बाटली घेऊन तो एसटीने पुण्याला आला. पिशवीचं तोंड सोडलं मात्र, तो उग्र वास नाकात शिरला आणि डोळे चुरचुरले. झाकण उघडायची गरजच उरली नाही. तळाशी जेमतेम दोन सेंटिमीटरची, राखाडी पडलेली गाठ. अख्खी. बाहेरच्या चिकटपट्टीवर वहिनीचं नाव, वय आणि खाली डॉक्टरी अक्षरात ‘टीबी पीसीआर करणे’. म्हणजे नमुन्याची वाट लावायची आणि वर त्यावरच पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी, मागायची! दादा विचारत होता, “होईल ना गं तुमच्याकडे?” त्याला काय सांगावं ते मला सुचेना.

फॉर्मेलिन पेशींची ठेवण जपतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ते उत्तम. पण त्यात जंतू मरतात, म्हणजे कल्चरचा प्रश्नच मिटला. डीएनए प्रथिनांशी जखडला जातो, त्याचे तुकडे पडतात. अशा नमुन्यावर चाचणी निगेटिव्ह आली तर तिला काडीची किंमत नाही. कैरीचं लोणचं घातल्यावर कोय रुजेल का?

बायोप्सीचा रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमा, क्षयाशी सुसंगत. सर्जनना जोर चढला. “बघा, टीबीच निघाला. बहिणीने उगाच घाबरवलं तुम्हाला.” अहो, टीबी नाही असं मी म्हटलं कधी होतं? कुठल्या औषधाला दाद न देणारा टीबी, हा माझा प्रश्न होता आणि बायोप्सी त्याचं उत्तर देऊच शकत नाही. एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू झाली. मध्येच रक्ताचीही ‘टीबी पीसीआर’ करवून घेतली गेली. ती निगेटिव्ह आली, येणारच होती. पैसे मात्र पॉझिटिव्ह गेले.

वहिनी बिचारी इमानाने गोळ्या घेत होती. लघवी नारिंगी होते म्हणजे औषध लागू पडतंय, अशी तिची समजूत. तो रंग त्यातल्या रिफाम्पिसिनचा. जंतू मरो न मरो, तो येतोच. काही महिन्यांनी जुन्या टाक्याशेजारी नवी गाठ आली, मोठी आणि दुखरी. “औषध काम करतंय म्हणून सूज वाढते कधीकधी,” सर्जन म्हणाले. खरं आहे, गाठींच्या क्षयात असं होतं. पण औषध लागू पडल्यामुळे आलेली सूज आणि औषध न लागल्यामुळे आलेली सूज नुसत्या बोटांनी चाचपून कळत नाही. ते कळायला जी तपासणी लागते, ती त्यांनी बाटलीत बुडवली होती.

शेवटी वहिनीला सरकारी रुग्णालयात नेलं. सुईने पू काढला, निर्जंतुक डबीत घेतला. सीबीनॅटला लागतात दोनेक तास. क्षयाचा जंतू आहे. रिफाम्पिसिनला प्रतिरोध आहे. पुढे कल्चरमध्येही जंतू वाढला, म्हणजे इतके महिने तो आत मजेत जगत होता.

सीबीनॅट ही काही कालपरवाची नवलाई नाही. रिफाम्पिसिनच्या प्रतिरोधासाठी जंतूच्या आरपीओबी जनुकातला ८१ बेसजोड्यांचा पट्टा त्यात तपासतात. मूळ चाचणीत त्या पट्ट्यावर पाच शोधक रेणू बसतात. जुळले तर चमकतात, आणि बदल असेल तिथला चमकत नाही. हे चमकणारे रेणू संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये मांडले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला या चाचणीचा मोठा अभ्यास १,७३० संशयित रुग्णांवर झाला, त्यातलं एक केंद्र मुंबईत होतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने चाचणीची शिफारस केली. गोव्याच्या कंपनीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रूनॅटला २०२० मध्ये तीच मान्यता मिळाली. ‘आमच्याकडे कुठे असतं हे सगळं?’ ही सबब आता चालायची नाही.

आता तुम्ही काय कराल ते सांगते. बाटली सहसा सर्जन स्वतः भरत नाहीत. ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर किंवा वॉर्डबॉय भरतात. म्हणून डॉक्टरांशी बोलाच, पण सिस्टरनाही गाठा. दोन बाटल्या हातात द्या, एकीवर ठळक लिहा: ‘फॉर्मेलिन नको’. नमुना ओला राहील इतपतच सलाईन पुरे. तो त्याच दिवशी पोहोचवा, वाटेत गार ठेवा, गोठवू नका.

नुसतं ‘टीबी पीसीआर’ असं नाव ऐकून हुरळू नका. रिफाम्पिसिनचं उत्तर मिळणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. सीबीनॅट आणि ट्रूनॅट सरकारी केंद्रांत मोफत होतात. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली. कुणी त्या सुचवल्या, तर त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढू नका.

निगेटिव्ह म्हणजे रोग नाही, असं धरून चालू नका. छातीत साठलेल्या पाण्यात सीबीनॅट जवळपास निम्मे रुग्ण सोडून देते. उलट औषध सुरू असताना पॉझिटिव्ह आली म्हणून हबकूही नका. मेलेल्या जंतूचा डीएनएही तिला दिसतो, म्हणून बरं झालं की नाही ते बघायला ही चाचणी वापरत नाहीत. रिपोर्टवर ‘ट्रेस’ शब्द असेल तर जंतू सापडलाय, पण इतका थोडा की प्रतिरोधाचं उत्तर मिळालेलं नाही. तिथे कल्चरसाठी आग्रह धरा, सहा आठवडे लागले तरी. बाकी नेहमीचंच: दुसरं मत घ्या, रिपोर्टची फाईल सांभाळा, गोळ्या चुकवू नका.

वहिनीची नवी औषधं सुरू झाल्यावर दादा त्या सर्जनकडे गेला होता, नव्या रिपोर्टची झेरॉक्स घेऊन. भांडायला नव्हे, नुसतं कळवायला. त्यांनी कागदावरून नजर फिरवली. “अशी केस एखादीच असते,” म्हणाले आणि झेरॉक्स परत केली. दादाने ती मुकाट्याने घडी घालून खिशात ठेवली. मी असते तर त्यांच्याच फाईलला लावून घेतली असती. तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही लावून घ्या. तुमच्यामागे बाकावर दुसऱ्या कुणाची तरी वहिनी नंबर लावून बसलेली असते.