जावळ्या भावांची साखर

दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी दोन भाऊ दवाखान्यात आले. दोघांचेही वय बासष्ट, कारण दोघे जावळे. पुस्तकात यांनाच जुळे म्हणतात. लहानपणी एकाने खोडी काढावी आणि गुरुजींनी दुसऱ्याला छडी द्यावी, इतके सारखे होते म्हणे. आज मात्र कोणी चुकणार नाही. धाकटा, म्हणजे दहा मिनिटांनी धाकटा, गावातच शेती करतो. अजून पऱ्हाटीत डवरा हाकतो. थोरल्याची उमर खुर्चीवर बसून गेली, तोंडात खर्रा. त्याची उपाशीपोटीची साखर २३६, रक्तदाब १७० वर १००, आणि उजव्या पायाच्या करंगळीला तीन आठवड्यांची जखम. दुखत नव्हती म्हणून दाखवली नाही. चार महिन्यांपासून गोळ्याही बंद.

का बंद केल्या, विचारले तर म्हणाला, "डाक्टरसाहेब, मायलेबी साखर होती. रक्तातच हाये ते. मंग गोया खाऊन काय फायदा?"

मला रागच आला. पण हा विचार त्याच्या डोक्यात घातला कोणी? आम्हीच. 'आनुवंशिक आहे' एवढे बोलून पुढच्या रोग्याला हाक मारायची, हे मीही वर्षानुवर्षे केले. ऐकणाऱ्याला तो कोर्टाचा निकाल वाटतो.

आईवडिलांकडून किती येते आणि राहणीमुळे किती होते, याचा हिशेब लावण्यासाठी शास्त्रज्ञांनी जावळ्यांचाच आधार घेतला आहे. जावळे दोन प्रकारचे. एकाच गर्भाचे दोन भाग होऊन झालेले ते एकबीज; त्यांचे जनुक, म्हणजे आईवडिलांकडून आलेले गुणांचे बियाणे, जवळपास तंतोतंत एक असते. दोन वेगळ्या बीजांपासून एकाच वेळी वाढलेले ते द्विबीज. त्यांच्यात साध्या भावंडांइतके, सरासरी निम्मे साम्य असते. दोन्ही प्रकारचे जावळे एकाच घरात, एकाच ताटात वाढतात. मग एखादा रोग एकबीज जोड्यांत दोघांनाही होतो आणि द्विबीज जोड्यांत तसा होत नाही, असे दिसले तर जनुकांचा हात मोठा. दोन्हीकडे सारखेच दिसले तर घराचा, अन्नपाण्याचा हात मोठा. अर्थात एकदोन जोड्यांवरून काही सिद्ध होत नाही, हजारो लागतात.

डेन्मार्क देशात जावळ्यांची नोंदवही १९५४ पासून आहे. तेथे १८७० ते १९०० या काळात जन्मलेल्या २८७२ जोड्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसामाणसांच्या आयुर्मानात जो फरक पडतो, त्यातला सुमारे चौथा हिस्सा जनुकांचा निघाला. अलीकडे अपघात, साथी असे बाहेरून येणारे मृत्यू बाजूला काढून काही संशोधकांनी पुन्हा गणित मांडले, तेव्हा हा हिस्सा निम्म्याच्या आसपास गेला. म्हणजे रक्तातले काहीच नसते, असेही कोणी समजू नये. मात्र हा हिशेब साऱ्या समाजातल्या फरकांचा आहे. 'माझे पाव आयुष्य आईकडून आले', असा त्याचा अर्थ नाही.

एकाच थैलीतले बियाणे काळ्या जमिनीत आणि बरड जमिनीत टाकून पाहा. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. स्पेनमधील संशोधकांनी २००५ मध्ये ४० एकबीज जोड्यांचे जनुक तपासले. लहान वयात दोघांचे जवळपास सारखे होते. वय वाढले, राहणी वेगळी झाली, तसे कोणते जनुक चालू आणि कोणते बंद यात दोघांत बरेच अंतर पडलेले दिसले. अमेरिकेत ओहायो राज्यात जावळ्यांचा मेळा भरतो. तेथील ७९ जोड्यांची छायाचित्रे तपासून २०१३ मध्ये दाखवले गेले की, धूम्रपान करणाऱ्या किंवा जास्त वर्षे केलेल्या भावंडाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा जुना दिसतो. (आम्ही तर ओढत नाही, चघळतो, ही पळवाट माझे रोगी लगेच काढतात. तंबाखू तोच, आणि तोंडाचा कर्करोग वरून.) लंडनमध्ये ३२४ जावळ्या बहिणींवर दहा वर्षे लक्ष ठेवले. जिच्या पायांत सुरुवातीला जोर जास्त, तिची बुद्धी उतारवयात अधिक शाबूत राहिली.

आता थोरल्याच्या मायची साखर. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात जनुकांचा वाटा खराच आहे. एकबीज जोडीतल्या एकाला झाला तर दुसऱ्याचा धोका पुष्कळ वाढतो. पण एकाला मधुमेह आणि दुसऱ्याला नाही, अशाही जोड्या सापडतात. डेन्मार्कमध्ये १९९७ साली त्या तपासल्या, तेव्हा मधुमेह झालेल्या भावंडाचे जन्माचे वजन दुसऱ्यापेक्षा कमी होते असे आढळले. गर्भ एक, बीज एक, तरी पोषणाची वाटणी सारखी झाली नव्हती.

हे वाचले की मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम आठवते. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. पूर्ण दिवसांची बाळेही सरासरी २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून. वरून बारीक, आतून लठ्ठ. ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या आणि फळे जास्त वेळा होती, त्यांची बाळे मोठी निघाली. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! म्हणून 'मी तर काडीसारखा आहे, मला कशाची साखर' हे खरे धरू नका. वजनकाट्याबरोबर शिंप्याचा टेपही वापरा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या वर असेल, किंवा आईवडिलांपैकी एकाला साखर असेल, तर तिशीनंतर दरवर्षी तपासणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती होते.

थोरल्याला हे सारे सांगायला अर्धा तास लागला. बाहेरचे रोगी कुरकुरत होते. त्याला अमरावतीला शल्यचिकित्सकाकडे पाठवले. जखम भरायला अडीच महिने लागले, करंगळी वाचली. गोळ्या सुरू आहेत. खर्रा रोजच्या पाचावरून दोनवर आला आहे, असे तो सांगतो. मी निम्मे खरे धरतो.

त्या दिवशी धाकटा नुसता सोबतीला आला होता. "मले काई होत नाई," म्हणाला. पण बियाणे तर तेच! मी त्यालाही दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावले. साखर ११८ निघाली. मधुमेह नव्हे, पण उंबरठ्यावर. डवरा हाकणाऱ्याची ही गत, तर तो खुर्चीवर बसला असता तेव्हा काय झाले असते, कोण जाणे. त्याचा सकाळचा चहा अर्धा कप आणि बिनसाखरेचा झाला आहे, ज्वारीची भाकर परत आली आहे. आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी दोघे सोबतच येतात. आमची नवी सिस्टर अजूनही अधूनमधून एकाचा आकडा दुसऱ्याच्या कार्डावर लिहिते.