कोहमाऱ्यात खास जेवण: बिल कुठे फुगतं?

वाढदिवस असो की साखरपुड्याची बोलणी, दहा-बारा माणसांना रात्री कोहमाऱ्यात जेवायला न्यायचं तर पर्याय साधारण दोन तऱ्हेचे: रायपूर-नागपूर महामार्गावरचा ढाबा, नाहीतर चौकाच्या आसपासचं फॅमिली रेस्टॉरंट. मेन्यूकार्ड पाहून ठरवू नका. आदल्या दिवशी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान स्वतः चक्कर मारा. तेव्हा गर्दी नसते, मालक बोलायला मोकळा असतो.

पाहायचं काय? भिंतीवर अन्न परवान्याचा १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक. बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी. वीज गेली तर जनरेटर आहे की नुसत्या दोन बल्बांचा इन्व्हर्टर. आणि पार्किंग. रायपूर-नागपूरचे ट्रक रात्रभर धावतात. लहान मुलांना घेऊन महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर जेवण कितीही चांगलं असो, ती जागा सोडा.

दिवसही बघून ठेवा. ऑक्टोबर ते जून शनिवार-रविवारी नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचे पर्यटक याच चौकातून जातात. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेची गर्दी. त्या दिवशी टेबल मिळेल, पण वाट बघून.

खरा खर्च वाढतो गावरान कोंबड्यात. ‘किलोवर मिळेल’ म्हटलं की लगेच विचारा: जिवंत वजन की साफ केल्यावरचं? जिवंत कोंबडा साफ केला की साधारण तिसरा हिस्सा जातो. शिवाय मसाला-तेलासह भाव आहे की बनवण्याचे पैसे वेगळे? रोटी-भात त्यात धरलाय का? एका हिवाळ्यात आम्ही नऊ जण होतो. तीन किलो सांगितलं, पातेल्यात दोन किलोच्या आसपास आलं, आणि बिलावर मसाला, बनवाई, कांदा-लिंबू अशा तीन ओळी वेगळ्या. चूक आमचीच, विचारलं नव्हतं. तलावातली मासळी किलोवर घेतलीत तरी हेच प्रश्न. गावरान शिजायला वेळ लागतो. सात वाजता जेवायचं असेल तर ऑर्डर दुपारीच पक्की करा.

बुकिंगला कागदपत्र लागत नाही. मात्र माणसं किती, पदार्थ कोणते, दर काय, आगाऊ किती दिले आणि बेत रद्द झाला तर त्यातले परत किती, एवढं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि ‘ठीक आहे’ असं उत्तर मागवा. कंपनीच्या नावाने बिल हवं असेल तर जीएसटी क्रमांक आधीच द्या.

हिशेब असा मांडा. समजा थाळी २५० रुपयांची आणि माणसं बारा: ३,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, १५० रुपये. झाले ३,१५०. पण हॉटेल कम्पोझिशन योजनेत असेल तर तुमच्याकडून जीएसटी घेता येत नाही, आणि तसं त्याच्या बिलावर छापलेलं असावं लागतं. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल तर कराची ओळ खोडायला सांगा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे २०२२चे निर्देश तेच सांगतात, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५मध्ये कायम ठेवले. यूपीआयने पैसे देताना ‘वरचे दोन टक्के’ मागितले तर देऊ नका. ऐकलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

केक बाहेरून आणणार असाल तर आधी विचारा. काही ठिकाणी कापायला सुरी फुकट मिळते आणि टेबल साफ करायचे पैसे लागतात! फुगे-पताका लावायच्या असतील तर त्याचंही ठरवून घ्या.

दारूच्या बाबतीत शॉर्टकट नको. ‘साहेब, मागच्या खोलीत बसा, काही होत नाही’ असं ढाब्यावर कुणी म्हणालं तर उठा. परवाना नसलेल्या जागी बसून पिणाऱ्यावरही गुन्हा होतो, फक्त मालकावर नाही. बायका-पोरांसमोर धाड पडलेली कुणाला हवी?

आणि पाणी. बसल्या बसल्या टेबलावर बारा सीलबंद बाटल्या येतात, न मागता. जग मागा, बाटल्या परत पाठवा. बिल आलं की पैसे द्यायच्या आधी टेबलावरच्या रिकाम्या बाटल्या मोजा.