भोक तेवढं पाडू नकोस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, टर्नटेबलला भोक पाडून नवे सॉकेट लावते, आतच ब्लूटूथही बसवते, म्हणजे उद्या विकलं तर भाव चांगला येईल. तेव्हा काही बोलले नाही, पण रात्रभर तेच डोक्यात होतं.

माझ्या जपानी ॲम्प्लिफायरचं तुला कधी सांगितलं नाही. जाड स्पीकर-वायर मागच्या क्लिपांत बसेना, म्हणून मी मेकॅनिककडून पत्रा कापून मोठे टर्मिनल बसवून घेतले. आवाज सुरेख होता. घ्यायला आलेल्या काकांनी मात्र आधी तो उलटा फिरवला आणि कानशीने घासलेल्या त्या कडेवरून बोट फिरवलं. गाणं ऐकायच्या आधीच २८ हजारांचे २० झाले. टर्मिनलला घातलेले पैसे तर कुणी मोजलेच नाहीत. ज्याने पत्रा कापला त्याने आत काय काय केलं असेल, ही शंका त्यांच्या मनातून जाईना. मला फार लागलं गं ते.

तुझं टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ आहे. हे मॉडेल १९७९ चं. कंपनीने २०१० मध्ये ही टर्नटेबलं थांबवली आणि २०१६ मध्ये पुन्हा आणली ती खूप महाग. म्हणून जुन्याला अजून गिऱ्हाईक आहे, पण ते मूळ रूपातलं शोधत येतं.

वायर खराब झाली असेल तर खुशाल बदल. ती आत सोल्डर केलेली असते, उद्या पूर्ववत करता येते. जुन्या ॲम्प्लिफायरचे सुकलेले कपॅसिटर बदलणं हीसुद्धा दुरुस्तीच. चांगल्या हाताने केलेली असेल आणि बिल असेल तर घेणारा उलट निर्धास्त होतो. ब्लूटूथ मात्र बाहेरच्या डबीतून घे, त्यासाठी टर्नटेबल कापायचं काय कारण? आणि रंग तर मुळीच लावू नकोस.

तुझ्यापुरतं, आयुष्यभर ऐकायला ठेवणार असशील तर हवं ते कर, मी आड येणार नाही. पण विकायचं मनात असेल तर काढलेली वायर, स्क्रू, वॉशर, काही फेकू नकोस. बिस्किटाचा रिकामा डबा घे, प्रत्येक पुडीवर चिकटपट्टी लावून कुठला भाग ते लिही, बिलं त्यातच ठेव.

मेकॅनिककडे रविवारपर्यंत जाऊ नकोस. मी येते, डबाही आणते.