बोर्डापुढे जाण्याआधी

मनू,

दादाच्या मानसिक आजारासाठी दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं ठरवलंस, फार बरं केलंस. तुझ्या आईला ते रुचलेलं नाही, हे तिच्या फोनवरून कळलंच. "चांगल्या धडधाकट पोराला अपंग म्हणून लिहून घ्यायचं?" असं म्हणाली. तिच्यावर रागावू नकोस. आमच्या घरातही हेच झालं होतं.

भावजींना मी पहिल्यांदा जिल्ह्याच्या रुग्णालयात बोर्डापुढे नेलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी त्यांची दाढी करवली, इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला, सकाळी डोक्याला तेल लावून भांग पाडून दिला. डॉक्टरांनी विचारलं, स्वतःचं स्वतः करतात का? भावजींच्या आधी मीच म्हणाले, "हो, सगळं करतात." शेजारपाजारी बोलतात? "बोलतात की." बारा वर्षं घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हीच जिभेला सवय. प्रमाणपत्र आलं ते 40 टक्क्यांच्या आतलं. 40 च्या खाली संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान नाही, नोकरीतलं आरक्षण नाही. अपील करता येतं, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

तिथे काय मोजतात, ते नीट समजून घे. नुसत्या 'स्किझोफ्रेनिया' लिहिलेल्या चिठ्ठीवर टक्केवारी ठरत नाही. 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या डॉक्टरांनी केलेली. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, अशा चार बाबी. प्रत्येकीला 0 ते 4 गुण, आणि आजार किती काळ आहे त्याचे वेगळे; सगळे मिळून 20. बेरीज 7 झाली की माणूस 40 टक्क्यांत येतो. म्हणजे "सगळं करतात" या माझ्या दोन शब्दांनी भावजींचे किती गुण गेले, ते तूच बघ.

दुसऱ्या खेपेला बोर्डापुढे जाण्याआधी मी वही केली. रोज दोन-तीन ओळी. 'मंगळवार. अंघोळीला चौथा दिवस. तीनदा सांगितल्यावर तोंड धुतलं.' 'बुधवार. दुधाला पाठवलं, कोपऱ्यावरून परत आले. पिशवीत पैसे तसेच. लोक बघतात म्हणाले.' बऱ्या दिवशीचंही लिहिलं: भाजी निवडून दिली, भाच्याशी कॅरम खेळले. वाढवून एक अक्षर लिहू नकोस. खरं आहे तेवढं पुरेसं असतं.

आणि दादाच्या पाठीमागे हे करू नकोस. मी ती वही भावजींना वाचून दाखवली होती. ऐकून बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रात्री आवाज येतात म्हणून मी दिवा लावून बसतो, ते लिहिलं नाहीस वहिनी." ती ओळ त्यांच्याच हातची आहे. अजून जपून ठेवली आहे मी.

कागदांचं थोडक्यात सांगते. अर्ज यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर होतो. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. पहिल्या केसपेपरपासून सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लाव, गोळ्यांच्याही. प्रमाणपत्र मुदतीचं मिळालं तर मुदत कधी संपते, ते कॅलेंडरवर लिहून ठेव. 'निरामय' विम्याबद्दल कुणी सांगेल, पण तो बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न अशांसाठी आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. कचेऱ्यांतसुद्धा लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात.

भावजींना संजय गांधी निराधार योजनेतून पैसे मिळतात. दिव्यांगांसाठी ते 2025 मध्ये महिना 1500 चे 2500 झाले. तुमच्याकडे ते जमणार नाही, कारण दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 50,000 च्या आत लागतं आणि तुझ्या बाबांची पेन्शनच त्याहून जास्त आहे. पण त्या पेन्शनमध्येच दादाची खरी सोय आहे. मानसिक आजारामुळे मुलगा पोट भरू शकत नसेल, तर आईवडिलांच्या मागे त्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं, वयाची अट न लागता. बाबा धडधाकट आहेत तोवर त्यांच्याच सहीने कचेरीत अर्ज देऊन ठेव. ते गेल्यावर हा आजार आधीपासूनचा होता हे सिद्ध करत फिरायची वेळ तुझ्यावर येऊ नये.

आईला एवढंच सांग, की 2016 च्या कायद्याने मानसिक आजार दिव्यांगत्वात धरला आहे, डोळ्यांच्या आणि पायांच्या बरोबरीने. हा दादाचा हक्क आहे. तो मागताना मान खाली घालायची नाही.

तारीख मिळाली की कळव, मी आदल्या दिवशीच येते. दादाला रोजच्यासारखाच येऊ दे, इस्त्री नको. आणि वही आजच सुरू कर, वर तारीख घालून.

तुझी,
मावशी